सातव्या भागातील गाठ

अहिल्यानगर
६ मे २०२५

श्री. अजिनाथ आसाराम, पटकथालेखक, 'दूरवासी' मालिका, यांस
सप्रेम नमस्कार.

प्रथम वस्तुस्थिती मांडते, आणि तीही घडलेल्या क्रमानेच. परवा फोनवर आपण शेवटापासून सुरुवात केलीत आणि मधले सोयीस्करपणे गाळलेत.

गेल्या नोव्हेंबरात आपल्या निर्मितीसंस्थेने मला, मानवशास्त्राची प्राध्यापक या नात्याने, 'दूरवासी'ची सल्लागार नेमले. आपण माझे धाकटे बंधू आहात याचा त्या पत्रव्यवहारात कोणीच उल्लेख केला नाही. वडिलांच्या, अण्णांच्या, तेराव्यानंतर आपली भेट झालेली नसल्यामुळे मलाही तो करावासा वाटला नाही. मालिकेचे कथानक मला पटले होते. एका अतिप्रगत ग्रहाचे लोक यानातून हिंडतात, आपल्याहून मागे असलेल्या संस्कृतींचे निरीक्षण करतात आणि त्यांच्या आयुष्यात ढवळाढवळ न करण्याच्या नियमाने बांधलेले असतात. तो नियम मी लिहून दिला. त्याची तीन कलमे अशी: दर्शन न देणे, दान न देणे, वचन न देणे. आपण ती जशीच्या तशी यानाच्या कप्तानाच्या तोंडी घातलीत, याबद्दल मी त्या वेळी आभारही मानले होते.

डिसेंबरात मला कळले की मागास ग्रहाच्या चित्रीकरणासाठी आपण बोरदरा वस्ती निवडली आहे. म्हणजे आपलीच वस्ती. उघडे डोंगर, लाल माती, आणि दसऱ्यानंतर धडधाकट माणसे ऊसतोडीला गेल्यामुळे मागे उरलेले म्हातारे. हा ग्रह शोधायला आपल्याला यान लागले नाही. मी हरकत घेतली. ती मानली गेली नाही. तेव्हा निदान शिस्त तरी राहावी म्हणून मी एक टिपण पाठवले. त्यात स्थानिकांना मोबदला ठरवून द्यावा, हे नाटक आहे याची आधी कल्पना द्यावी, आणि चमूतील कोणाचे स्थानिकांशी नाते असल्यास ते चित्रीकरणाच्या काळात उघड करू नये, अशा सूचना होत्या.

फेब्रुवारीत चित्रीकरण झाले. सातव्या भागाच्या अखेरीस परग्रहावरची स्त्री, म्हणजे आपली अभिनेत्री निकिता, एका म्हातारीचा निरोप घेते. ती म्हातारी आपली आई आहे. निरोप घेताना निकिताने दारालगतच्या खुंटीवरच्या दाव्याला गाठ मारली. पटकथेत हे नव्हते. मला पाठवलेली प्रत मी तपासली आहे.

ते दावे काय आहे, हे आपल्याला सांगण्याची गरज नसावी. तरी सांगते, कारण आपण ते विसरल्यासारखे बोलता. आपल्या घरातून तोडीला निघणारा प्रत्येक जण अण्णांच्या बैलाच्या त्या जुन्या दाव्याला एक गाठ मारतो. परत आला की स्वतःच्या हाताने सोडवतो. दाव्यावर एकही गाठ असेपर्यंत मागे राहिलेली बाई वस्तीबाहेर रात्र काढत नाही. बोरदऱ्यातल्या प्रत्येक घरात हेच चालते.

एप्रिलात माणसे परतली, गाठी सुटल्या. निकिताची तेवढी राहिली.

आणि आता मुख्य गोष्ट. आईला काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला आहे; उजव्याने ती नळीतून पाहावे तसे पाहते, समोरचे तेवढेच. नगरच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले, "गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवता येते, तीही आत्ताच." नऊ जूनला शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यानंतर आठवडाभर तिला माझ्याकडे राहावे लागेल. ती यायला तयार नाही. दाव्यावर गाठ आहे, एवढेच तिचे म्हणणे.

आपल्या मालिकेने तिसरे कलम मोडले आहे. तेव्हा माझ्या मागण्या दोन: सातव्या भागातून तो प्रसंग काढावा, आणि निकिताला वस्तीवर पाठवून ती गाठ सोडवावी.

आपली,
डॉ. पंकजा


अहिल्यानगर
१४ मे २०२५

अजिनाथ,

तुझा ध्वनिसंदेश मिळाला. त्यात तू मला 'मॅडम' म्हणालास. मी 'आपण' लिहिले त्याचे हे उट्टे असेल, तर ते फिटले. यापुढे मी 'तू' लिहीन. तू काय म्हणायचे ते तू ठरव.

तुझा मुद्दा असा: भाग प्रसारित झाला, प्रेक्षकांना नेमका तोच प्रसंग आवडला, आणि "शेवटी दोरीच आहे ना ती, सोडून टाका." तू हे वाक्य दोनदा म्हणालास. दुसऱ्यांदा तुझा आवाज उतरला होता, हे मी ऐकले.

रविवारी तो भाग मी बोरदऱ्यातच पाहिला, छबूबाईंच्या घरी. तू त्यांच्या बांधावरच्या बोरी झोडपायचास आणि त्या शिव्या द्यायच्या. आता त्यांच्याकडे भिंतीएवढा टीव्ही आहे, आणि अर्धी वस्ती त्यापुढे बसते. आई अगदी पुढे, पडद्याला नाक लागेल अशी. मान वळवून वळवून पाहत होती. आधी एक कोपरा, मग दुसरा.

तुझा कप्तान यानातून खाली पाहत म्हणाला की आपण त्यांच्यासमोर जाणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे. ते वाक्य तू माझ्या टिपणातून घेतलेस. छबूबाईंनी तोंडातला पानाचा चोथा बाजूला सारला.

"का रं, ही मानसं इतकी पुढारल्याली, अन् वरूनच बघत्यात? खाली येऊन पानीबी पीत न्हाईत?"

"मावशे, त्यांचा नियम हाय तसा," मच्छिंद्र म्हणाला. आपला चुलतभाऊ, तोडीवरून आला तेव्हापासून त्याला पटकथेतले सगळे कळते. "आपून मागासल्याले ना. आपल्याकडं नुसतं बघायचं असतंय."

"मंग रेशन कोन्च्या ग्रहावरनं येतंय आपल्याला? त्यांलाबी नियम लावा म्हनावं."

सगळे हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "त्यांना घर नसंल, छबू. घर आसल्यालं मानूस वरून बघत न्हाई."

मग निरोपाचा प्रसंग आला. निकिता दाव्यापाशी थांबली, तिने गाठ मारली. पडद्यावर आईचा चेहरा मोठा झाला. तो प्रसंग चांगला उतरला आहे, हे मान्य करणे मला जड जाते. पण आई त्या वेळी पडद्यावरच्या स्वतःकडे पाहत नव्हती. चौकटीच्या कडेला, जिथे काहीच नव्हते, तिथे ती मान वळवून काहीतरी शोधत होती. मी त्याचा संबंध डोळ्यांशी लावला.

सगळे पांगल्यावर आई शेळीला पाला टाकायला मागे गेली. मी घरात गेले आणि ती गाठ सोडवू लागले. तुझा सल्ला, माझी नखे. वाखाच्या दोराची गाठ, वरून घट्ट आवळलेली. मी बरीच खटपट केली. कोपऱ्यात कोयता होता. मी त्याच्याकडे पाहिले, एवढेच.

"पंके, हात काढ."

ती दारात उभी होती. माझ्याकडे नव्हे, माझ्या थोडे बाजूला पाहत.

"आई, ती मुलगी नटी आहे. तिने नाटकात मारलेली गाठ आहे ही. ती येणार नाही."

"ठाव हाय मला. नाटक हुतं ते मला ठाव न्हाई व्हय? पैशे दिलेत त्यांनी. अंगठा घेतलाय."

"मग?"

"मंग काय? ज्याची हाय त्यानं सोडायची."

मी तिला काचबिंदू म्हणजे काय ते पुन्हा समजावून सांगितले, डॉक्टरांपेक्षा चांगले. तिने सगळे ऐकले आणि मला विचारले, "तू जेवूनच जानार का आत्ताच निघतीस?" मी निघाले. दुसऱ्या दिवशी तास होते.

निकिताचा पत्ता कळव. टाळाटाळ केलीस तर मी स्वतः मिळवीन.

पंकजा


अहिल्यानगर
२३ मे २०२५

अजिनाथ,

तू पत्ता कळवला नाहीस. मी निर्मितीसंस्थेकडून मिळवला. मी तुझ्या निकिताला एक कठोर पत्र लिहिले होते, आणि तिच्याविषयी काही निष्कर्षही काढून ठेवले होते. ते मागे घ्यावे लागत आहेत. मला ते आवडत नाही, पण अचूकतेसाठी नोंदवते. पत्र मिळताच ती आली. नगरच्या स्थानकावर मी तिला घ्यायला गेले. हातात एक पिशवी, डोक्यावर रुमाल, कोणी ओळखलेही नाही.

वाटेत तिने आईच्या डोळ्यांबद्दल सगळे विचारून घेतले. मग म्हणाली, "आजींना कोणी नाही का हो मॅडम? म्हणजे तुम्ही आहात, पण मुलगा वगैरे?"

मी गाडी चालवत होते. मला वाटले, मी नीट ऐकले नाही.

"तुमच्या मालिकेचे लेखक," मी म्हणाले.

"अजिनाथ सर? त्यांचं काय?"

अजिनाथ, पाथर्डीला मी गाडी कडेला घेतली. मग मी तिला सांगितले. तिने रुमाल सोडला, पुन्हा बांधला. 

आता ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत देते. मी त्यात काहीही मिसळलेले नाही.

"सर मॉनिटरमागे बसायचे, छत्रीखाली. आजी रोज त्यांच्यासाठी चहा घेऊन जायच्या. सर म्हणायचे, 'नको, आजी.' आम्ही हसायचो, आजींना लेखकच आवडलेत म्हणून. आमचं जेवण यायचं नगरहून, पण सर पुलाव खायचे नाहीत. आजी भाकरी फडक्यात बांधून दगडावर ठेवायच्या आणि निघून जायच्या. त्या गेल्या की सर उठून घ्यायचे. आजी साहेब म्हणायच्या त्यांना. 'त्या साहेबाला ऊन लागतंय, छत्री सरकवा.'"

नको, आजी.

मी हे वाक्य इथे पुन्हा लिहिले आहे. तुझ्या पटकथेत असते तर मी ते खोटे वाटते म्हणून छाटले असते.

आम्ही वस्तीवर पोचलो. आईने निकिताला आवाजावरून ओळखले, तिच्या तोंडावरून हात फिरवला, गूळपाणी दिले. छबूबाई दारातून म्हणाल्या, "आली गं बाई, खाली उतरली! पानी पी, नियम मोड." निकिता हसता हसता रडली. मग ती दाव्यापाशी गेली.

आईने तिचा हात धरला.

"तुजी न्हाई ती."

"मीच मारली होती आजी. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"व्हय. पन कुनाच्या नावानं मारली?"

निकिताने माझ्याकडे पाहिले. मग तिने सांगितले. शेवटच्या दिवशी, कॅमेरा फिरायच्या आधी, आई तिच्या कानाशी लागली होती: त्या साहेबाच्या नावानं एक गाठ मार. तो मारायचा न्हाई. निकिताला ती म्हातारीची माया वाटली. दिग्दर्शकाला ती कलाकृती वाटली. मला ते तिसऱ्या कलमाचे उल्लंघन वाटले.

तू मात्र मॉनिटरवर पाहत होतास. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांपेक्षा जवळून. तुला काय वाटले?

आणि रविवारी चौकटीच्या कडेला ती काय शोधत होती, ते आता मला कळले. छत्री त्या बाजूला होती.

मी आईला विचारले, "त्याने ओळख दाखवली नाही, तर तू का नाही दाखवलीस?"

ती म्हणाली, "लोकांत हुता. त्याला वाटलं असंल, ही माजी माय कसं म्हनावं. मी म्हनलं, राहू दे. वस्तीलाबी तेच सांगितलं. त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?"

निकिता संध्याकाळी परत गेली. जाताना तिने गाठ मारली नाही. आईने तिला दाव्यापासून लांब धरले होते.

पंकजा


बोरदरा वस्ती
१ जून २०२५

अजिनाथ,

तुझा ईमेल मिळाला. तुझे एक वाक्यही त्यात नव्हते. फक्त माझे डिसेंबरचे टिपण जोडलेले, आणि त्यातल्या एका ओळीवर पिवळा रंग. 'चमूतील कोणाचे स्थानिकांशी नाते असल्यास ते चित्रीकरणाच्या काळात उघड करू नये.'

ते टिपण शास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. निरीक्षक घरचा निघाला की समोरचा माणूस त्याला आवडेल तसे वागू लागतो, आणि निरीक्षण वाया जाते. हे मी बावीस वर्षे शिकवते आहे. पण मी त्यात 'स्थानिक' असा शब्द लिहिला. आई स्थानिक आहे का, हे तू मला विचारायला हवे होतेस. लिहिताना मीही स्वतःला विचारायला हवे होते. विचारले असते तर काय उत्तर दिले असते, ते मी इथे लिहीत नाही.

नियम कोणाला वाचवतो, हा तुझ्या मालिकेचा प्रश्न आहे, आणि सात भागांत तुझ्या कप्तानाला तो एकदाही पडलेला नाही. तो म्हणतो, खालच्या लोकांना. मला हल्ली वाटते की वर राहणाऱ्याला कोणी जेवायला बोलावू नये, एवढीच त्याची सोय असते. खाली उतरावे लागले की आपल्या बोलण्यात 'ण'च्या जागी 'न' परत येतो, हातांना शेणाचा वास येतो, आणि तुझ्या चमूने छत्रीखालून पाहिले असते की साहेब कुठून आला. तुला त्याची भीती वाटली. ती भीती मी ओळखते. मी वसतिगृहात असताना आईला भेटीच्या दिवशी फाटकाबाहेरच थांबायला सांगत असे. तू तेव्हा तिच्या कडेवर होतास, तुला आठवणार नाही. म्हणून मी तुझा न्याय करण्याच्या जागी नाही. तरी करतेच आहे.

मी गेल्या शनिवारपासून इथे राहायला आले आहे. आल्या आल्या आईने विचारले, "रविवारीच जानार ना?" मी नाही म्हणाले. तेव्हा म्हणाली, "तूबी बघायलाच येतीस, पंके. अजिनाथ निदान पैशे तरी घेतो बघायचे." छबूबाईंनी हे सगळ्या वस्तीला सांगितले आहे.

इथे राहिल्यावर मला तिची नजर कळते आहे; नगरहून येऊन तासभर बसून ती कळत नव्हती. चुलीच्या डाव्या बाजूला ठेवलेले तिला दिसत नाही. काल उकळते आधण तिथे होते. मी वेळेत ओढले. ती सहज म्हणाली, "दिसलंच न्हाई बघ," जणू पुढच्या वर्षीही तिला एवढे दिसणारच आहे. रात्री मी जागी राहते. तिने उठून दारापर्यंत जाताना एक हात भिंतीला आणि दुसरा दाव्याला लावला, की मी उठून बसते.

डॉक्टरांनी परवा पुन्हा तपासले. मी आईला सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणले. रात्र नको, एवढे तिने पाळायला लावले. नळी आणखी अरुंद झाली आहे. नऊ तारीख चुकली तर पुढची लगेच मिळणार नाही, आणि डोळा थांबणार नाही.

मी तिला सगळे उपाय सुचवले. डॉक्टर इथे आणण्याचा, दावेच गाडीत घालून नगरला नेण्याचा, तू फोनवरून 'सोड' म्हणण्याचा. शेवटच्यावर ती हसली. "फोनवर साहेब बोलत्यात."

मी विचारले, "तो आलाच नाही तर?"

तिने माझ्या दिशेने तोंड केले. या वेळी नेमके माझ्याकडे. "मंग दिसायचं थांबंल. गाठ हाताला लागती की."

अजिनाथ, यावर माझ्याकडे कोणतेही शास्त्र नाही.

उद्या मला विद्यापीठाच्या कामासाठी नगरला जायचे आहे. संध्याकाळी परत येईन. आज जेवण झाल्यावर आईने दावे खुंटीवरून काढले, माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "मार." मी इतक्या वर्षांत गाठ कधी मारली नव्हती. शाळेला निघाले तेव्हाही नाही. तोडीची प्रथा आपल्याला कशाला, असे मला वाटले होते. आता हात चुकत होते, तर तिने माझी बोटे धरून फिरवली. तुझ्या गाठीच्या शेजारी माझी गाठ आहे. माझी मी उद्या संध्याकाळी सोडवीन.

हे पत्र मच्छिंद्र सकाळी पाथर्डीहून स्पीडपोस्टने टाकेल. त्याचे उत्तर मला लेखी हवे. संदेश नको, ईमेल नको, माझे जुने टिपण तर नकोच. कागदावर, तुझ्या अक्षरात, आईच्या नावाने: तू नऊ जूनच्या आधी कोणत्या दिवशी येतोस. एक ओळ पुरेल. मायन्यात 'आजी' लिहू नकोस, आणि खाली 'लेखक' म्हणून सही करू नकोस.

वाचून दाखवायला मी इथेच आहे.

ताई